जुलमी मध्ययुगीन राज्य : भूमिकाखेळासाठी रचना

टेबलाभोवती बसून चार-सहा जणांनी खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी, म्हणजे प्रत्येकाने एकेका पात्राच्या जागी बोलायच्या-वागायच्या खेळासाठी, खेळाडूंनीच मिळून रचलेले, मध्ययुगीन धाटणीचे अन्यायी राज्य. या खेळप्रकाराला छापील रूप १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने दिले. तेव्हा जग रचायचे काम बहुतेक एकट्या गेम मास्टरकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे, असे. सहभागी पद्धतीत ते सगळ्यांत वाटले जाते. नागपुरात टेबलावरचे बोलणे हिंदी-मराठी मिसळ चालते, पण गावांची, हुद्द्यांची आणि करांची नावे मराठीत ठेवली की राज्य लवकर उभे राहते. दस्तक, वेठ, कोठार, नाका, जामीन हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

राजा क्रूर आहे एवढ्याने राज्य जुलमी ठरते, पण खेळण्याजोगे होत नाही. असा राजा दुसऱ्या सेशनला, म्हणजे दुसऱ्याच बैठकीत, मारला जातो आणि अनेक बैठका चालायचे कॅम्पेन तिथेच आटोपते. जुलूम पिढ्यान्‌पिढ्या चालायचा तर त्याला तीन गोष्टी लागतात : लोकांना जिच्यावाचून जगता येत नाही अशी वस्तू, ती वाटता वाटता स्वतःचे घर भरणारा मधला थर, आणि खोटी असली तरी खरी धरली जाणारी वही. या तिन्ही ठरल्याशिवाय राजवाड्याचे नाव ठरवायला बसू नये.

धान्याचा हिशेब

जुलमाची वस्तू बहुधा धान्यच असते, म्हणून रचना गावाच्या खळ्यापासून सुरू करावी. मापे प्रांतागणिक वेगळी होती. खेळापुरता मण ४० किलोंचा धरला, तर २० मणांची खंडी ८०० किलोंची होते. लहानथोर मिळून माणशी वर्षाला २०० किलो धान्य लागते असे मानले की एका खंडीत चार माणसांचे वर्ष निघते. या एका आकड्यावर पुढचे सगळे उभे राहते.

नमुन्यादाखल ‘धुरकोट’ हे कल्पित राज्य घेऊ. गावे १२०, प्रत्येक गाव ३०० माणसांचे, राजधानीत ४,००० वस्ती. चांगल्या वर्षी गावात १३० खंडी पिकते. २६ खंडी बियाणे बाजूला काढावे लागते, कारण मध्ययुगात पेरल्याच्या चार-पाच पटच हाती येई. ७५ खंडी गाव खाते. उरतात २९. नवखे रचनाकार कर ‘निम्मे पीक’ असा लिहून टाकतात. ६५ खंडी गेली की बियाणे काढून ३९ उरतात आणि निम्मे गाव त्याच वर्षी उपाशी मरते. पुढल्या वर्षी कर द्यायला कोणी नसते. धुरकोट म्हणून हिशेबाने २९च घेते. गाव जगते, पण त्याच्या पेवात काही शिल्लक राहत नाही.

खरा फास दुष्काळात आवळतो. पीक ८० खंडीवर आले तरी बियाणे तेवढेच लागते, त्यामुळे खायला ५४ उरतात आणि २१ खंडीची तूट पडते. आता राज्य कोठार उघडते आणि धान्य दिढीने देते : २१ खंडी दिले, पुढल्या सुगीला साडेएकतीस परत. पण चांगल्या वर्षीही गावात २९च उरतात आणि ते करातच जातात. कर्ज कधीच फिटत नाही. वहीवर अंगठा पडतो आणि गाव वेठीला लागते : तट बांधणे, तलाव उपसणे, फौजेचे सामान वाहणे. यात कोणी कोणावर चाबूक उगारलेला नाही. राज्याला लोक ‘अन्नदाता’ म्हणतात आणि खेळाडूंची पात्रेही सुरुवातीला तसेच म्हणतील, हे या रचनेतले सर्वांत उपयोगी अंग.

आता वरून हिशेब करावा. १२० गावांचे २९ प्रमाणे ३,४८० खंडी येतात. राजधानी १,००० खाते. ४०० शिपाई कुटुंबासह २,००० माणसे धरली तर ५०० आणखी. शिल्लक १,९८०. लागोपाठ दोन चांगली वर्षे गेली तर कोठारात ३,९६० जमतात, त्यातला दहावा हिस्सा उंदीर, कीड आणि ओल यांत जातो, राहतात ३,५६४. दुष्काळी वर्षी कर शून्य. राजधानी आणि फौज आधी आपले १,५०० उचलतात. उरलेल्या २,०६४ खंडीत ९८ गावांची तूट भागते, २२ गावे बाहेर राहतात. ती कोणती, हे कोण ठरवणार? याच प्रश्नावर वर्षभर खेळता येते, आणि त्यासाठी एकही राक्षस लागत नाही.

भूगोल आणि अंतर

नकाशा जवळचाच घ्यावा. वर सातपुडा, पूर्वेला वैनगंगेच्या बाजूचा भाताचा आणि तलावांचा मुलूख, पश्चिमेला वर्धेकडची काळी जमीन : एवढे कागदावर उलटेपालटे करून ठेवले, नावे बदलली, की राज्य तयार. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागातील मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. भात पाण्यावाचून होत नाही, आणि पाणी एका पाळीआड अडवलेले असते. मोरीची चावी ज्याच्या हाती, त्याला फौज ठेवायची फारशी गरज उरत नाही. धुरकोटच्या पूर्व भागात धान्याऐवजी पाण्यावर राज्य चालवावे. दोन प्रांतांत जुलमाची दोन वेगळी रूपे असली की खेळाडूंच्या पात्रांनाही एकमेकांचे दुःख समजावून घ्यावे लागते.

अंतर दिवसांत मोजावे. माणूस दिवसाला २५ ते ३० किलोमीटर चालतो, भरलेली बैलगाडी १५ ते २०. नागपूर ते रामटेक साधारण ५० किलोमीटर, म्हणजे पायी दोन दिवस. चंद्रपूर सुमारे १५० किलोमीटर. धान्याच्या गाडीला आठ-दहा दिवस लागतील आणि बैलांचा चारा वाटेत वेगळा. काळ्या जमिनीत पावसाळ्यात गाडी आसापर्यंत रुतते, त्यामुळे जून ते सप्टेंबर राजधानीचा हुकूम दूरच्या गावांपर्यंत जेमतेम पोचतो. हे चार महिने जुलूम मधल्या थराच्या भरवशावर चालतो, आणि बंडाची खलबतेही याच महिन्यांत होतात. हंगाम न लिहिलेले राज्य नकळत आजच्या काळातले होऊन बसते.

इतिहासातून घेता येणारी यंत्रे

मध्ययुगीन राज्याला घरोघरी पहारा ठेवणे जमत नसे, लिहिता येणारी माणसेच मोजकी. त्यावरची युक्ती म्हणजे शेजाऱ्याला जामीन करणे. इंग्लंडमध्ये दहा-दहा पुरुषांचे गट एकमेकांच्या वागणुकीला जबाबदार धरले जात. एकाने गुन्हा करून पळ काढला तर बाकीच्यांनी दंड भरायचा. खेळात हा नियम जबरदस्त चालतो, कारण पात्राच्या धाडसाची किंमत त्याच्या मावशीला मोजावी लागते.

बाजार आवळायचा तर अल्लाउद्दीन खलजीची दिल्ली पाहावी : पिकाच्या निम्म्याची मागणी, ठरवून दिलेले भाव, मंडीवर शहना नावाचा अधिकारी आणि बातम्या पोचवणारे वेगळे हेर. माणसे आवळायची तर चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या साथीनंतरचे इंग्लंड : १३५१ च्या कायद्याने मजुरी साथीपूर्वीच्या दरावर गोठवली, आणि १३८८ च्या कायद्याने मजुराला शिक्क्याच्या पत्रावाचून आपला भाग सोडता येईना. दस्तकाची कल्पना इथून आयती मिळते. तिथल्याच शेतकऱ्यांच्या १३८१ च्या उठावात बंडखोरांनी ठिकठिकाणी जमीनदारांची दप्तरे जाळली, हेही ध्यानात ठेवावे. वहीवर उभ्या राज्याचे मर्म वहीतच असते. आणि राज्यकर्त्याच्या फसलेल्या हुशारीसाठी मुहम्मद तुघलक पुरेसा आहे. १३२७ मध्ये त्याने राजधानी देवगिरीला हलवली, पुढे तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या मोलाने चालवली, आणि खोट्या नाण्यांचा पूर आल्यावर ती मागे घ्यावी लागली.

राग बाहेर पडायला एक दिवसही हवा. नागपूरकरांना उदाहरण शोधावे लागत नाही : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबती आणि त्यांच्यासोबतचे बडगे हे पुतळे १८८० च्या दशकापासून शहराची ईडापीडा आणि चालू वर्षाची चीड वेशीबाहेर नेऊन जाळत आले आहेत. धुरकोटमध्ये असा सण राज्यच भरवते आणि कोणाचा बडगा करायचा हे कोठीचा कारकून ठरवतो. मग एका वर्षी कोणी कारकुनाचाच बडगा घेऊन येतो.

टेबलावरची रीत

पहिली बैठक नुसत्या रचनेची; अडीच-तीन तास पुरतात. पाच जण असतील तर कर, सरहद्द, बाजार, फौज आणि देवस्थान असे एकेक खाते एकेकाकडे द्यावे. प्रत्येकाने एका कार्डावर तीनच ओळी लिहायच्या : हे खाते लोकांना काय देते, बदल्यात काय घेते, आणि कोणाचे पोट त्यावर भरते. कार्ड डावीकडे सरकते. शेजाऱ्याला खोडता येत नाही, त्याने ‘का?’ किंवा ‘कोण चुकवतो?’ यांपैकी एक प्रश्न लिहायचा आणि मूळ लेखकाने उत्तर द्यायचे. तीन फेऱ्यांत राज्य तयार होते. शेवटी सर्वांनी मिळून एक फट ठरवावी, जिथून ही व्यवस्था मोडू शकते. ती गेम मास्टरने एकट्याने लपवून ठेवली तर खेळाडू तिच्या जवळून दहा वेळा जातात आणि पाहत नाहीत.

त्याच बैठकीत वर्ज्य विषय ठरवावेत. काही गोष्टी खेळात येणारच नाहीत, काही घडतील पण पडद्याआड; आणि मध्येच कोणाला नको वाटले तर कारण न विचारता प्रसंग पुढे न्यायचा. जुलमी राज्यात ही शिस्त इतर खेळांपेक्षा अधिक लागते. खऱ्या जातींची, जमातींची किंवा राजघराण्यांची नावे वापरू नयेत. वेठबिगारी आणि शिवाशिव ही अनेकांच्या घरची आठवण आहे, आणि देवगडच्या गोंड राजांना किंवा भोसल्यांना खलनायक करून रचनेत काहीच भर पडत नाही.

नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी

सर्वांत जास्त बिघाड खेळाडूंच्या पात्रांमुळे होतो. सगळे गुप्त राजपुत्र किंवा भटके तलवारबाज निघाले तर कर, जामीन, दस्तक यांतले काहीच त्यांना लागू होत नाही. निदान दोन पात्रे व्यवस्थेच्या आतली असावीत : नाकेदार, वहीचा कारकून, तलावाचा राखणदार. नाकेदाराला रोज कोणाला तरी अडवावे लागते, आणि तिथूनच कथा निघते.

दुसरा बिघाड म्हणजे जन्मठेपेचे तुरुंग आणि गणवेशातले पोलीस. त्या काळी लांब मुदतीची कैद विरळा. दंड, हद्दपारी, अवयवच्छेद आणि सक्तीची मजुरी हे नेहमीचे. तिसरा बिघाड पाल्हाळाचा : वीस पानी इतिहास कोणी वाचत नाही, राज्य एका पानात मावले पाहिजे.

अनेक गट आपापली राज्ये एकाच नकाशावर खेळवतात तेव्हा फौजा फुगतात. उपाय पुन्हा खंडीचाच. १,००० शिपाई कुटुंबासह म्हणजे १,२५० खंडी, म्हणजे ४३ गावांची सगळी शिल्लक. ज्याला दहा हजारांची फौज हवी त्याने ४३० गावे दाखवावीत. शेजाऱ्याच्या नजरेतून आपले राज्य कसे दिसते याचेही एक कार्ड असावे. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचे जे स्वार इकडे पराक्रमी म्हटले गेले, तेच बंगालात ‘बर्गी’ म्हणून धास्तीचे होते.

खेळातले प्रत्येक वर्ष संपले की पीक, शिल्लक, कर्ज आणि वेठीची गावे हे चार आकडे एका वहीत चढवावेत. पावसासाठी सहा बाजूंचा फासा एकदा टाकायचा : १ आला तर दुष्काळ, २ ते ५ नेहमीचे वर्ष, ६ आला तर गावात १५० खंडी. जादा वीस खंडी गावकरी पेवात लपवतात की कारकुनाला सांगतात, हे खेळाडूंवर सोडावे. वही दर सेशनला वेगळ्या खेळाडूच्या हाती द्यावी. ती कायम गेम मास्टरकडे राहिली तर आकड्यांतली खोट कोणाच्या लक्षात येत नाही, आणि खोटी नोंद पकडणे हा तर या खेळातला अर्धा डाव आहे.