बिनलेबलच्या गोणीत नक्की काय आहे?

कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा. पाण्यात विरघळले की तिन्ही सारखेच दिसतात, तिन्हींनी लाल लिटमस निळा होतो. चाखून तर मुळीच बघू नका, कॉस्टिक कातडी आणि जीभ दोन्ही भाजते. आमच्याकडे आणा, आम्ही टायट्रेशन करून, म्हणजे किती आम्ल लागते ते थेंबाथेंबाने मोजून सांगतो.

नमुन्याचे 1 ग्रॅम वजन करून 250 मिलीलिटर द्रावण बनवतो. त्यातले 25 मिलीलिटर पिपेटने फ्लास्कमध्ये घेतो, वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा आणि तोटी असलेल्या काचेच्या नळीत, 0.1 नॉर्मल (ठरावीक तीव्रतेचे) हायड्रोक्लोरिक आम्ल. शुद्ध कॉस्टिकला 25 मिलीलिटर आम्ल लागते, कोरड्या धुण्याच्या सोड्याला सुमारे 18.9, खाण्याच्या सोड्याला 11.9. पण माल दमट असेल तर हे आकडे उतरतात आणि फसगत होते.

म्हणून आमचा भरवसा रंग बदलणाऱ्या दोन दर्शकांवर. आधी फिनॉल्फ्थॅलिन घालतो, त्याने द्रावण गुलाबी होते. गुलाबी रंग गेला की ब्युरेट वाचायची. मग त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज घालून पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत पुढे आम्ल सोडायचे. गुलाबी रंग निम्म्या आम्लावर गेला तर धुण्याचा सोडा. जवळजवळ सगळे आम्ल संपेपर्यंत टिकला तर कॉस्टिक. गुलाबी रंग धरलाच नाही, किंवा अगदी पुसट धरला, तर खाण्याचा सोडा. ओलाव्याने आम्ल कमी लागेल, पण हे प्रमाण बदलत नाही.

पावसाळ्यात साबण बनवणारे एक ग्राहक आले होते. तेल वर तरंगत राहायचे, साबण जमेना. त्यांच्या कॉस्टिकचा गुलाबी रंग 20 मिलीलिटरला गेला, नारिंगी 22 ला आला. हिशेब मांडला तर कॉस्टिक 72 टक्के, धुण्याचा सोडा 21 टक्के. गोणीचे तोंड उघडे राहिले होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कॉस्टिकचा हळूहळू धुण्याचा सोडा होतो, आणि त्याने तेलाचा साबण होत नाही. माल बदलायची गरज नव्हती. कॉस्टिकचे वजन वाढवून दिले, साबण जमला.

कॉस्टिक सोडा (सोडियमचा) आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियमचा) यांत मात्र दोन्ही रंग एकसारखे वागतात. तिथे आम्ही ज्योत-परीक्षाही करतो: सोडियमची ज्योत पिवळी, पोटॅशियमची निळ्या काचेतून जांभळट.

नमुना वरच्या पापुद्र्यातून घेऊ नका, गोणीच्या मधून घ्या, हातमोजे घालून. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत काठोकाठ भरा. ॲल्युमिनियमचा डबा नको, कॉस्टिक तो खातो.