उत्तरकालीन रोमन नाणी : संग्रह व लेखवाचन

रोमन सम्राट डायोक्लिशनने इ. स. 294 च्या सुमारास केलेल्या नाणेसुधारणेपासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची रोमन नाणी जमवणे आणि त्यांवरचे लॅटिन लेख लावणे, ही नाणेसंग्रहाची एक शाखा. सॉलिडस हे सोन्याचे नाणे (एका रोमन पौंडात 72) फार महाग. म्हणून बहुतेकांचा संग्रह तांब्याच्याच नाण्यांचा असतो. हे नाणे आधी सुमारे 10 ग्रॅमचे होते आणि त्यावर चांदीचा पातळ थर असे. 330 नंतरच्या दशकात ते दीड-अडीच ग्रॅमवर आले. लेख वाचायचा तो नखाएवढ्या जागेत.

दर्शनी बाजूला सम्राटाचे मुख आणि भोवती त्याची बिरुदे. ‘डी एन’ म्हणजे डॉमिनस नोस्टर, आमचे स्वामी; ‘पी एफ ऑग’ म्हणजे धर्मनिष्ठ, भाग्यवान ऑगस्टस, म्हणजे सम्राट. ‘नोब सी’ दिसले तर तो अजून सम्राट नव्हे, सीझर (सम्राटाच्या हाताखालचा कनिष्ठ शासक) आहे. ऑगच्या शेवटी ‘जी’ दोनदा असेल तर सम्राट दोन, तीनदा असेल तर तीन. ‘यू’च्या जागी सर्वत्र ‘व्ही’ येतो. खरी कसोटी कॉन्स्टंटाइनच्या घराण्यात लागते: कॉन्स्टंटिनुस, कॉन्स्टंटिउस, कॉन्स्टान्स. सुरुवात सारखीच, आणि झिजतात ती नेमकी पुढची अक्षरे.

मागची बाजू अधिक बोलते. ‘ग्लोरिया एक्सेर्किटुस’ (सैन्याचा गौरव) या नाण्यावर दोन सैनिक उभे असतात. त्यांच्यामध्ये दोन ध्वज असतील तर नाणे 330 ते 335 च्या आसपासचे. एकच असेल तर त्यानंतरचे, आणि आकारानेही लहान. सैनिकांच्या पायाखालच्या रेघेखाली टांकसाळीची खूण असते, नवख्याने आधी तिथेच भिंग धरावे. ‘एस एम’ म्हणजे साक्रा मोनेटा, राजटांकसाळ. पुढे ‘ए एन’ असेल तर अँटिऑक, नुसता ‘एन’ असेल तर निकोमीडिया. शेवटचे ग्रीक अक्षर टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक सांगते, गॅमा म्हणजे तिसरा. एक ‘ए’ पुसला गेला की नाणे सीरियातून आशिया मायनरमध्ये जाते.

पुष्कळदा खूण नाण्यावर उमटलेलीच नसते, कारण ठसा मोठा आणि चकती लहान. शिवराई हाताळलेल्यांना हे नवे नाही.

घरातल्या तांब्या-पितळेसारखी ही नाणी चिंचेने किंवा लिंबाने कधीही घासू नयेत. आम्लाने वरचा हिरवट-तपकिरी थर जातो, आणि अक्षरांचे काठ बरेचदा त्या थरातच टिकलेले असतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये अनेक दिवस भिजवून, मऊ झालेली माती लाकडी काडीने काढणे हाच भरवशाचा मार्ग.

अशी तांब्याची नाणी तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात सापडली आहेत. श्रीलंकेत तर ती मोठ्या संख्येने मिळाली आणि तिथे त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. त्या नकलांवर अक्षरांच्या जागी बहुधा नुसत्या रेघा असतात.