बेसाल्टी भूरसायन आणि महासागर-द्रोणींची पुनर्रचना

प्राचीन लाव्हा खडकांच्या (बेसाल्टांच्या) रासायनिक संघटनावरून महासागर-द्रोणी कधी व कशा उघडल्या वा मिटल्या, हे ठरविण्याची पद्धती. महासागराचा तळ पुन्हा प्रावरणात (कवचाखालील थरात) जात असल्याने सु. २० कोटी वर्षांहून जुना तळ क्वचितच सापडतो. त्याआधीचा पुरावा जमिनीवरच शोधावा लागतो.

मध्य-महासागरी कटकांवरील (नवा तळ जेथे तयार होतो त्या समुद्राखालील डोंगररांगांवरील) बेसाल्टात थोरियम, नायोबियम व बेरियम अल्प असतात. द्वीपकंसांच्या (तळ खाली जातो तेथील ज्वालामुखी बेटांच्या रांगांच्या) लाव्हांत थोरियमच्या मानाने नायोबियम बरेच घटलेले असते. टायटॅनियम, झिर्कोनियम व यिट्रियम यांवर आधारित, बेसाल्ट कोठे तयार झाला हे ओळखण्याचा त्रिकोणी आलेख पिअर्स व कॅन या भूवैज्ञानिकांनी १९७३ मध्ये मांडला. ही मूलद्रव्ये पाण्याने सहसा हलत नाहीत. सोडियम, पोटॅशियम हलतात. नाशिकच्या पांडवलेणी परिसरातील दगडखाणींत काळ्या पाषाणाच्या पोकळ्या स्टिल्बाइट व अ‍ॅपोफिलाइट या खनिजांच्या स्फटिकांनी भरलेल्या दिसतात, त्या याच हालचालीतून.

नाशिकचा पाषाण दक्षिण ट्रॅपचा (दख्खनच्या लाव्हा थरांचा), वय सु. ६.६ कोटी वर्षे. थरावर थर दिसायला सारखेच असल्याने सह्याद्रीतील शैलसमूहांची विभागणी मुख्यतः रसायनावर झाली. त्यांतील एकाला इगतपुरीचे नाव आहे. थळ घाटात मात्र बोटाएवढ्या पांढुरक्या फेल्डस्पारांचा थर नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतो.

येथे मोठी अडचण वर येणाऱ्या लाव्हात खंडीय कवचाची भेसळ होण्याची आहे; अशा भेसळीने स्ट्राँशियम समस्थानिकांचे गुणोत्तर वाढते. आंबेनळी शैलसमूहात ते सु. ०.७०४, तर बुशे शैलसमूहात ते ०.७१३ च्याही पुढे जाते. भेसळ झालेला असा खंडीय बेसाल्ट आलेखावर द्वीपकंसाचा भासतो. त्यामुळे सुट्या नमुन्यावरून लुप्त महासागर कल्पिणे धोक्याचे आहे.

अरबी समुद्र उघडण्यास लाव्हा कारण झाला की ताण आधीच सुरू होता, याबद्दल मतभेद आहेत. किनारपट्टीवरील भित्ती (भेगांत थिजलेल्या लाव्हाचे उभे पट्टे) बहुतांशी उत्तर-दक्षिण आहेत. नाशिक-पुणे पट्ट्यातील भित्तींना मात्र ठरावीक दिशा नाही आणि त्यांपैकी अनेकींचे रसायन घाटातील वरच्या शैलसमूहांशी जुळते. मुख्य उद्रेकाच्या वेळी येथे एकदिश ताण प्रबळ नसावा, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. किनाऱ्यावरचा ताण बहुधा नंतरचा. भारतापासून विलग झालेल्या सेशेल्समधील सिलुएट बेटाचे अल्कली अग्निज खडक सु. ६.३ कोटी वर्षांपूर्वीचे असून अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग कटकापासून तळ पसरू लागल्याचा काळही साधारण तोच मानतात.