परदेशी नागरिकांविषयीचे कायदे आणि स्थानिक पोलीस

परदेशी माणसाचा भारतातला प्रवेश, मुक्काम आणि हकालपट्टी हे विषय राज्यघटनेच्या केंद्रसूचीत येतात. पोलीस मात्र राज्यसूचीत. व्हिसा केंद्र देते, विमानतळावर शिक्का इमिग्रेशन ब्यूरो मारतो, पण माणूस शहरात शिरला की त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम पोलीस ठाण्याकडे येते. अनुच्छेद २५८(१) मधील तरतुदीचा आधार घेऊन केंद्राने १९५८ मध्येच बेकायदा राहणाऱ्या परदेशी नागरिकांना शोधण्याचे व परत पाठवण्याचे अधिकार राज्यांकडे सोपवले. अमेरिकेत केंद्र सरकारला स्थानिक पोलिसांवर अशी सक्ती करता येत नाही. तिथे स्वेच्छेचे करार करावे लागतात.

या कामाचा मोठा भाग कागदी आणि शांतपणे चालणारा आहे. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेल किंवा लॉजच्या मालकाने २४ तासांत त्याची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा ‘सी-फॉर्म’) भरायचा असतो. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना साधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचा पोलीस आयुक्तालयाशी संबंध येतो तो यासाठीच. जिल्ह्यात ही जबाबदारी पोलीस अधीक्षकांची असते.

कारवाईचे स्वरूप वेगळे. मुंबईत पोलीस ठाण्यांचे दहशतवादविरोधी कक्ष खबऱ्याच्या माहितीवरून बांधकामाच्या साइटवर किंवा झोपडपट्टीत जातात, बांगलादेशी असल्याचा संशय असलेल्यांना ठाण्यात आणतात. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आईवडिलांची कागदपत्रे मागितली जातात. मोबाइल तपासला जातो. ८८० या बांगलादेशच्या कोडने सुरू होणारे नंबर सापडले की संशय पक्का होतो. मग गुन्हा, आरोपपत्र, दंडाधिकाऱ्यांपुढे खटला. शिक्षा भोगून झाल्यावर राष्ट्रीयत्वाची पडताळणी होते आणि सीमा सुरक्षा दलामार्फत परत पाठवणी.

१ सप्टेंबर २०२५ पासून यासाठी इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू आहे. त्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे रद्द केले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवालदार व त्यावरच्या हुद्द्याच्या पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करता येते.

खरी अडचण पुराव्याच्या भारात आहे. एरवी गुन्हा सिद्ध करायचा तो सरकारने. इथे आपण परदेशी नाही हे त्या माणसानेच दाखवायचे. १९४६ च्या कायद्याचे कलम ९ हेच सांगत होते आणि नव्या कायद्यानेही तो नियम ठेवला. आसामसाठी १९८३ मध्ये केलेल्या वेगळ्या कायद्यात हा भार उलटा होता. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला. त्यातच मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर स्पष्ट केले की, आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. नागरिकत्व ठरते ते १९५५ च्या कायद्याने. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण घरीच जन्मलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या मजुराकडे याहून वेगळा कागद बहुधा नसतो. म्हणून संशय कशावरून घेतला, हा प्रश्न कळीचा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात बजावले की कलम ९ चा अर्थ कोणालाही उचलून ‘सिद्ध कर’ म्हणण्याची मुभा असा होत नाही. आधी संशयाला ठोस आधार हवा. बंगाली बोलणे हा असा आधार होऊ शकत नाही. ती पश्चिम बंगालमधल्या कोट्यवधी भारतीयांचीही मातृभाषा आहे.

महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. युती सरकारच्या काळात, जुलै १९९८ मध्ये, मुंबई पोलीस बांगलादेशी ठरवलेल्यांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने सीमेकडे नेत होते. हावडा जिल्ह्यातील उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. यात आपल्या राज्यातले लोकही आहेत, असा पश्चिम बंगालमधल्या नेत्यांचा आक्षेप होता आणि दोन राज्यांत जाहीर तंटा झाला.

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना संशयितांची पडताळणी ३० दिवसांत उरकायला सांगितले. ज्या राज्याचा पत्ता संशयित सांगतो त्या राज्याने मुदतीत उत्तर दिले नाही, तर परत पाठवणी करता येते. इथे संशयिताचे भवितव्य दूरच्या एखाद्या ठाण्यातून वेळेवर अहवाल येण्यावर अवलंबून राहते. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे पश्चिम बंगाल सरकारने दाखवून दिल्यावर सीमा सुरक्षा दलाने बांगलादेशच्या सीमारक्षकांशी बोलणी करून त्यांना परत आणले.