ओटीजी आणि कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह: एका ट्रेतलं चिकन कशात चांगलं भाजतं?

संध्याकाळी कामावरून आल्यावर चिकन आणि भाज्या एकाच ट्रेमध्ये पसरून भाजायला ठेवायच्या आणि चाळीसेक मिनिटांत रात्रीचं जेवण तयार, ही पद्धत नोकरदार घरांच्या फार सोयीची. अडतं ते रेसिपीतल्या एकाच ओळीपाशी: '200 अंशांवर 40 मिनिटं'. आपल्याकडे ओट्यावर जे खोकं असतं ते एकतर ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असतं, नाहीतर कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह. बाहेरून दोन्ही जवळपास सारखी दिसतात आणि दोन्हींवर 200 चा आकडा असतो. पण आत उष्णता पोचते वेगवेगळ्या वाटेने, म्हणून तीच ओळ पाळूनही एका घरात तंगडी खरपूस होते आणि दुसऱ्या घरात ती पांढुरकी राहून भाज्यांना पाणी सुटतं.

भाजलेल्या चिकनचा तांबूस रंग आणि खमंग वास येतो मेलार्ड अभिक्रियेमुळे, म्हणजे प्रथिनं आणि साखर तापून होणाऱ्या रासायनिक बदलामुळे. लुई-कामिय मेलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. ती साधारण 140 अंशांच्या पुढे जोर धरते. पण तुकड्यावर पाणी आहे तोवर त्याचा वरचा थर 100 अंशांच्या फारसा पुढे जात नाही. म्हणजे प्रश्न एवढाच, की कोणत्या खोक्यात वरचं पाणी लवकर उडतं.

ओटीजीत वर आणि खाली रॉड असतात. खालचा रॉड पत्र्याचा ट्रे थेट तापवतो, म्हणून बटाट्याची ट्रेला टेकलेली बाजू छान लाल होते. या जेवणात मला सगळ्यात जास्त आवडते ती हीच बाजू. ओटीजी आधी 10 ते 15 मिनिटं तापवावा लागतो. तेवढ्यात भाज्या चिरून होतात. ट्रे मधल्या किंवा त्याखालच्या खाचेत, दोन्ही रॉड चालू, 200 अंश. निम्म्या वेळाने ट्रे फिरवून ठेवा, कारण बहुतेक ओटीजींचा एखादा कोपरा जास्त तापतो. रंग कमी वाटला तर शेवटची पाच मिनिटं फक्त वरचा रॉड.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये हीटर आणि पंखा असतो आणि गरम हवा तुकड्यांभोवती खेळत राहते. या मोडवर मायक्रोवेव्ह लहरी बंद असतात, त्यामुळे पत्र्याचा ट्रे चालतो. फिरती हवा पाणी लवकर उडवते, म्हणून रेसिपीतल्या आकड्यातून 20 अंश कमी करून 180 वर सुरुवात करा. काही ओटीजींतही पंखा असतो. तो लावलात तर हाच हिशेब. मात्र कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये बहुधा खालून रॉड नसतो, भाज्यांची खालची बाजू फिकी राहते. त्या अर्ध्यात उलटून घ्याव्याच लागतात.

खरी अडचण जागेची. फिरत्या तबकडीमुळे ट्रे गोल आणि लहान घ्यावा लागतो, चौकोनी ट्रेचे कोपरे भिंतीला अडतात. मग चौघांचं जेवण त्यात दाबून बसवलं जातं, तुकड्यावर तुकडा चढतो, मधली वाफ बाहेर पडत नाही आणि भाजण्याऐवजी सगळं उकडतं. तीस लिटरच्या आसपासच्या ओटीजीत सहा तंगड्या आणि अर्धा किलो भाज्या एका थरात मावतात. कन्व्हेक्शनमध्ये दोघांपुरतंच करा, नाहीतर सरळ दोन घाणे काढा.

सगळ्यात मोठा घोळ मोडचा. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर चिकन शिजतं, पण भाजत नाही. ग्रिल मोडची आच बहुतेक मशीनांत वरूनच येते. कॉम्बो मोडमध्ये, म्हणजे मायक्रोवेव्हच्या जोडीला ग्रिल किंवा कन्व्हेक्शन असताना, लहरी चालू असतात, म्हणून मशीनच्या पुस्तिकेत मुभा नसेल तर पत्र्याचा ट्रे आत जाता कामा नये, ठिणग्या उडतात. ज्या मशीनवर फक्त 'सोलो' (नुसता मायक्रोवेव्ह) किंवा 'ग्रिल' लिहिलंय, त्यात हा बेत घालूच नका.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हची एक सोय मात्र ओटीजीला कधीच जमणार नाही. बटाटा आणि गाजर चिकनइतकाच वेळ घेतात, कधी जास्तही. त्यांच्या फोडी काचेच्या भांड्यात झाकून मायक्रोवेव्हवर चार मिनिटं फिरवा, कोरड्या करा, तेल-मीठ चोळा आणि मग चिकनबरोबर ट्रेमध्ये पसरा. ओटीजीत हे साधायला फोडी लहान कराव्या लागतात. फ्लॉवर आणि कांदा मोठेच ठेवा. ढोबळी मिरची दोन्हीकडे शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच घाला, नाहीतर तिचा लगदा होतो.

चिकन मात्र दोन्हींसाठी एकच: तंगडी किंवा फुल लेग. आतून 74 अंशांना चिकन सुरक्षित होतं. ब्रेस्ट त्यापुढे झपाट्याने कोरडं पडतं. तंगडी 80-85 पर्यंत गेली तरी उलट मऊच होते, कारण हाडाजवळचं कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळतं. घाईच्या संध्याकाळी पाच मिनिटं इकडेतिकडे होणारच, तेव्हा तंगडीच बरी. दुकानात न सांगता बहुतेक वेळा सोललेलं चिकन मिळतं, म्हणून 'स्किनसकट द्या' असं आधीच सांगा. सोललेलंच असेल तर तेलाचा हात जरा सढळ ठेवा. तुकडे टिपून कोरडे करा, खोल चिरा द्या आणि मीठ, तिखट, हळद, आलं-लसूण, लिंबू लावा. पातळ दही टाळा, त्याचं पाणी ट्रेमध्ये उतरतं. घालायचंच असेल तर चक्का घ्या. पंख्याच्या हवेत वाटलेला लसूण लवकर करपतो. कन्व्हेक्शनमध्ये सालासकट अख्ख्या पाकळ्या भाज्यांत टाकलेल्या चांगल्या.

घरात आधीच कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर केवळ यासाठी ओटीजी घेऊ नका. त्यापेक्षा त्यात बसणारा गोल, कमी काठाचा ट्रे घ्या. काहीच नसेल, घरात चौघं असतील आणि भाजण्या-बेकिंगसाठीच हवं असेल, तर मी ओटीजीच सुचवेन: किंमत सहसा कमी, ट्रे मोठा आणि खालून आच. 1500 वॅटचा ओटीजी तासभर चालला तरी दीड युनिटच्या वर जात नाही, थर्मोस्टॅट मध्येमध्ये बंद करतो म्हणून थोडं कमीच. फक्त तो 16 अँपियरच्या पॉवर पॉइंटवर लावा. मिक्सरच्या 6 अँपियरच्या सॉकेटला एवढा भार पेलवत नाही.