थांबलं की वाळतं

दिवाळी उलटली की आमच्या भागात कापसाची वेचणी जोरात येते. सकाळी आठच्या आत बाया वावरात उतरतात. कमरेला ओटी, डोक्याला रुमाल, धुऱ्यावरच्या बाभळीखाली शिदोऱ्या आणि पाण्याची कॅन. संध्याकाळी ती कॅन उचलून पाहा, निम्मी भरलेलीच असते. मागच्या हंगामात एका मावशींना मी विचारलं, एवढ्या उन्हात पाणी का पीत नाही? पऱ्हाटीतून मान वर न काढता त्या म्हणाल्या, "पाणी पेलं का जावं लागते. अन् जावं कुठी, तुमीच सांगा भाऊ." मजुरी किलोवर असते. आडोसा शोधून येईपर्यंत तेवढा कापूस हातचा जातो, आणि आडोसा म्हणजे तरी काय, शेजारच्या वावरातली तूर.

याच मावशी दर आठ-दहा दिवसांनी मेडिकलमधून जुलाबाची गोळी नेतात. आपला कोठाच जड, म्हणजे कायमची बद्धकोष्ठता, असं त्या सांगतात. माझ्या मते बिचाऱ्या कोठ्याला उगाच बोल लागतो आहे.

मोठ्या आतड्याचं काम पाहिलं की हे लक्षात येतं. आपण खातो-पितो त्यातून सुमारे दोन लिटर, आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून आणखी सात लिटरच्या आसपास, एवढं पाणी रोज पचनमार्गात उतरतं. लहान आतडं त्यातलं बहुतेक शोषून घेतं. उरलेली लिटर-दीड लिटर पातळ रबडी मोठ्या आतड्यात येते. हे आतडं साधारण दीड मीटर लांब. तिथे पाणी आणखी ओढलं जातं आणि शेवटी मळाबरोबर बाहेर पडतं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. गोम अशी की, आता पुरे, असं या आतड्याला कळत नाही. माल जितका वेळ आत पडून राहील तितका वेळ पाणी ओढणं चालू. दोन दिवस थांबलेला मळ घट्ट होतो, चार दिवस थांबलेल्याचा खडा होतो.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९७ साली मळाच्या रूपावरून सात प्रकारांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. आज जगभरचे दवाखाने तो वापरतात. त्यातला पहिला प्रकार म्हणजे सुट्या, कडक गोळ्या. आपल्याकडे त्यासाठी तक्त्याची गरज नाही, शेळीच्या लेंड्या म्हटलं की काम भागतं. मधले तिसरा-चौथा प्रकार चांगले. रोज सकाळी गेलंच पाहिजे हा हट्टही सोडायला हवा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसाचं असू शकतं. कुंथावं लागत नसेल, अर्धवट राहिल्यासारखं वाटत नसेल, तर एक दिवस चुकला म्हणून गोळी घेण्याचं कारण नाही. "पोटात घाण साचते, ती रक्तात जाते" हे मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकतो. तसं काही होत नाही.

आता वेळेचा मुद्दा. मोठं आतडं रात्री बव्हंशी झोपलेलं असतं आणि पहाटे आपल्याबरोबर जागं होतं. शिवाय पोटात अन्न पडलं की जठराकडून मोठ्या आतड्याला इशारा जातो, पुढचा माल येतोय, मागचा सरकवा. सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर हा इशारा सर्वांत जोरदार. मळ गुदाशयात उतरला की भिंत ताणली जाते आणि आपल्याला "लागते". ही हाक थोडाच वेळ असते. दाबली तर विरते, आणि मळ तिथेच वाळत बसतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात १२ निरोगी पुरुषांना आठवडाभर ही हाक मुद्दाम दाबायला सांगितलं होतं. एवढ्यानंच त्यांच्या आतड्यातला मळाचा प्रवास लांबला. ज्या बाईनं वर्षानुवर्षं अंधार पडण्याची वाट पाहिली, तिच्या गुदाशयाची भिंत सैल होऊन हाकच क्षीण होते.

पुरुष मंडळींचं वेगळंच. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, तोंडात टाकल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे गावोगाव आहेत. निकोटीन आतड्याच्या मज्जातंतूंना चिथावतं हे खरं. पण उठणं, चालणं, गरम चहा हे सगळं त्याच अर्ध्या तासात झालेलं असतं, आणि श्रेय मात्र खर्रा घेऊन जातो. तोंडाच्या कॅन्सरची पावती फाडून पोट साफ करण्याचा हा सौदा मला कधी पटला नाही.

जेवणाकडे येऊ. चोथा म्हणजे तंतुमय भाग. तो आपल्याला पचत नाही, म्हणूनच उपयोगी. हे समजायला आपली जमीन पुरे. बरड जमिनीवर पाऊस पडला की पाणी निघून जातं. काळी भारी जमीन मात्र पाणी धरते, फुगते, मऊ राहते. काही चोथा या काळ्या मातीसारखा वागतो. विश्वास बसत नसेल तर एका वाटीत चमचाभर इसबगोल आणि दुसरीत चमचाभर गव्हाचा कोंडा घ्या, दोन्हींत अर्धी वाटी पाणी घाला आणि चहा होईपर्यंत ठेवा. कोंडा तळाशी ओला होऊन बसतो. इसबगोलाची मात्र लिबलिबीत खळ होते, वाटी तिरपी केली तरी ती सावकाश घसरते. पोटात हेच घडतं. कोंड्याचं काम निराळं, तो मळाचा आकार वाढवतो आणि आतड्याच्या भिंतीला ढोसतो. दोन्ही हवेत. पण काळ्या मातीचं दुसरं रूपही आपण मे महिन्यात पाहतो. पाणी नसेल तर तीच माती दगड होते आणि हातभर भेगा पडतात. चोथा वाढवला आणि पाणी वाढवलं नाही तर त्रास वाढतो, आणि घट्ट खड्यानं गुदद्वाराला पडणाऱ्या चिरेला आपण भेगच म्हणतो.

उलट, आधीच पुरेसं पाणी पिणाऱ्यानं सकाळी आणखी दोन लिटर ढोसल्यानं फार काही साधत नाही. ते लघवीवाटे जातं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सुचवते. १०० ग्रॅम ज्वारीत तो १० ग्रॅमच्या आसपास असतो, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नाही. गव्हानं पोट बांधतं ही बदनामी मात्र मला अन्यायाची वाटते. कोंड्यासकट दळलेल्या गव्हात चोथा ज्वारीइतकाच, किंबहुना थोडा जास्त असतो. आपण बारीक चाळणीनं तो काढून ढोरांपुढे टाकतो आणि मग ढोरांचं पोट साफ राहतं. विदर्भात ज्वारीची वावरं सोयाबीननं खाल्ली, भाकरीची जागा भातानं आणि चाळलेल्या पोळीनं घेतली. म्हाताऱ्यांचे दात गेले की तेही नुसत्या वरण-भातावर येतात. त्यांच्यासाठी ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडीची भाजी उत्तम, चावायला काही नाही आणि चोथा भरपूर. हिवाळ्यात हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा कच्चा घोळाणा, जाम म्हणजे पेरू बियांसकट, संत्री रस न काढता पांढऱ्या पापुद्र्यासह. फक्त एकदम वाढवू नका. आतड्यातले जिवाणू हा चोथा आंबवतात, त्यातून वायू होतो, आणि चार दिवसांत पोट फुगलं म्हणून माणूस भाकरच सोडतो.

औषधी उपायांत इसबगोल सगळ्यांत निर्धोक. पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचा, कोरडा कधी गिळायचा नाही, आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची. सोनामुखीचं तसं नाही. तिच्यातली द्रव्यं मोठ्या आतड्यापर्यंत तशीच जातात, तिथले जिवाणू त्यांना फोडतात, तेव्हा ती आतड्याला चाबूक मारतात. म्हणूनच रात्री घेतली की सकाळी परिणाम. बहुतेक "पोट साफ" चूर्णांत तीच असते. अधूनमधून ठीक, रोज नको. पहिल्या पावसात आपण आवडीनं खातो तो तरोटा, म्हणजे टाकळा, याच सोनामुखीच्या कुळातला. त्यातही त्या जातीची द्रव्यं थोडी असतात, तेव्हा तरोट्याच्या भाजीनं पोट हलकं होतं हे आजीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

एरंडेलाचं कोडं २०१२ मध्ये उलगडलं. जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की त्यातलं रिसिनोलिक आम्ल आतड्याच्या स्नायूवरच्या एका ठरावीक ग्राहीला, म्हणजे इशारा टिपणाऱ्या रिसेप्टरला, जाऊन चिकटतं आणि स्नायू आकसतो. तोच ग्राही गर्भाशयातही असतो. त्यामुळे गरोदर बाईला "थोडं एरंडेल दे" म्हणणाऱ्या सासूबाईंना तिथेच थांबवावं.

गरोदरपणात त्रास होतोच. संप्रेरकांमुळे आतडी मंदावतात, त्यात आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि घट्ट होतो. मग गोळ्या गुपचूप उकिरड्यावर जातात. गोळी बंद न करता आशाताईंना सांगावं. जेवणासोबत घेऊन किंवा गोळी बदलून मार्ग निघतो. कॅल्शियम, काही वेदनाशामकं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही असंच.

दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम करा म्हणणं चेष्टा होईल. बसण्याची पद्धत मात्र आपल्याकडे आयती आहे. गुदाशयाभोवती एक स्नायू दोरीच्या फासासारखा असतो आणि तो नळीला वाकवून धरतो. उकिडवं बसलं की फास सैल पडून नळी सरळ होते. नव्या घरात कमोड बसवला असेल तर पायाखाली पाट घ्या. आणि घरचं संडास पऱ्हाट्या-गोवऱ्या ठेवायला वापरत असाल तर आधी ते मोकळं करा. वेचणीच्या दिवसांत पहाटे उठून पाणी, चहासोबत अर्धी शिळी भाकर, आणि निघण्याआधी दहा मिनिटं निवांत बसणं. लागलं नाही तरी बसायचं, कुंथायचं मात्र नाही. त्या मावशींना मी एवढंच सांगितलं होतं. पोटाची गोळी अजून पूर्ण सुटलेली नाही, पण महिन्याला एकीवर आली आहे.

काही गोष्टी घरी निस्तरायच्या नसतात. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वायूही सरत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली, वजन उतरायला लागलं, मळात रक्त दिसलं, तरीही. आपल्याकडे रक्त दिसलं की तो मूळव्याधच, आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरचा नंबर फिरवला जातो. बहुतेकदा मूळव्याध किंवा चीर निघते हे खरं, पण मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असाच सुरू होतो. पहिली तपासणी डॉक्टर हातमोजा घालून बोटानं करतात. तिला दोन मिनिटं लागतात, आणि तीच टाळण्यात लोक वर्ष काढतात.