लॉगबुकातला टाका : शल्यशिक्षणाची पार्श्वभूमी

इंदुरात डॉक्टरकीचं शिक्षण 1878 पासून मिळतंय. मेडिकल स्कूलच्या पुढे कॉलेज आलं ते 1948 साली. संस्थानी काळाचं इथे एवढंच पुरे, आजचा वाद बराच नंतरचा आहे : नकली पॅडवर घातलेला टाका विद्यार्थ्याच्या लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, 'केलं' म्हणून धरायचा का?

कित्येक पिढ्या रीत एकच होती : एकदा बघा, एकदा करा, मग धाकट्याला शिकवा. 1890 च्या आसपास अमेरिकेत बाल्टिमोरला निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा जो पाया घातला गेला, त्यात जबाबदारी पायरीपायरीने वाढायची. आपल्याकडे बऱ्याचदा पायऱ्या गळल्या आणि सीनियरची मर्जी उरली. एमबीबीएसवाल्याच्या वाट्याला रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा ताणून धरणारं उपकरण, धरून उभं राहणं. गाठ तो इंदुरातल्या रामबागेत, घरी, खाटेच्या दांडीला दोरा बांधून गिरवायचा, टाके केळ्याच्या सालीवर घालायचा.

1990 साली भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात झाली आणि ही रीत तोकडी पडली. पोट उघडलेलं असेल तर सर विद्यार्थ्याचा हात धरून दिशा देऊ शकतात. दुर्बिणीत पडद्यावर सगळ्यांना दिसतं, पण उपकरणाचं टोक हाताच्या उलट दिशेने वळतं. ती सवय रुग्णाच्या पोटाबाहेर, सरावाच्या डब्यातच लावून घेतलेली बरी. नकली साधनांना मान मिळाला तो इथून.

एमबीबीएसचा 2019 चा क्षमताधारित अभ्यासक्रम पुढे गेला. साधे टाके, जखमेची निगा, बँडेज, वरवरचं गळू चिरून पू काढणं, एवढं विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे आलंच पाहिजे, असं त्यात ठरलं. घोळ आहे तो 'डीओएपी' नावाच्या प्रात्यक्षिक सत्राचा. बघणं, असिस्ट करणं, नकली वातावरणात करणं, देखरेखीखाली करणं आणि एकट्याने करणं, सगळं त्या एकाच नावाखाली येतं. मग फोमच्या पॅडवर घातलेल्या टाक्यांवर 'केलं' म्हणून सही द्यायची का? द्यावी म्हणणारे म्हणतात, सरकारी वॉर्डातला गरीब रुग्ण म्हणजे सरावाची वही नव्हे. खरंच आहे. पण भूल नीट चढली नसेल तर माणूस हात ओढून घेतो, रक्तात सुई निसटते, कडा जुळत नाहीत. फोम निमूट पडून असतो. केंद्राकडून आलेल्या लॉगबुकाच्या नमुन्यात प्रयत्न पहिला की पुन्हा केलेला, काम अपेक्षेपेक्षा कमी की सरस, यांना रकाने आहेत. काम माणसावर केलं की मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, याला नाही. शिक्षकाने मनावर घेतलं तर तसं लिहून ठेवायचं, एवढीच सोय.

2022 साली मध्य प्रदेशात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत आली, त्यावर याहून कितीतरी जास्त रान उठलं. वॉर्डात तर आधीपासून हिंदी नि माळवीच चालते.